तुरुंग, उद्यान, मैदान : बंगळुरूचा फ्रीडम पार्क

बंगळुरू : कर्नाटकाच्या कोणत्याही जिल्ह्यातून गाऱ्हाणे घेऊन राजधानीत येणाऱ्या माणसाचा मार्ग आता ठरून गेला आहे. पहाटेच्या गाडीने क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा रेल्वे स्थानकावर उतरायचे, फलक उलगडायचे, पोलिसांनी आखून दिलेल्या कडेने आनंदराव सर्कलपर्यंत चालायचे आणि शेषाद्री रस्त्यावरील फ्रीडम पार्कच्या आवारात जाऊन बसायचे. अंगणवाडी सेविका असोत, आशा कार्यकर्त्या असोत, ऊस उत्पादक शेतकरी असोत की कंत्राटी पौरकर्मी, सर्वांची वाट तीच. मंत्र्याने भेटायला यावे अशी अपेक्षा बाळगून ही माणसे जेथे बसतात, तेथे एकेकाळी सरकार माणसांना कोंडून ठेवीत असे. फ्रीडम पार्क म्हणजे बंगळुरूचे जुने मध्यवर्ती कारागृह.

मुंबईकराला आझाद मैदान आणि दिल्लीकराला जंतरमंतर जसे परिचित, तसे आज बंगळुरूकराला हे आवार परिचित आहे. तरीही त्याला शहराचा मुख्य चौक म्हणताना थोडे अडखळायला होते. कारण हा चौक लोकांच्या पायांनी पडलेला नाही. तो आधी आराखड्यातून आणि पुढे आदेशातून निर्माण झाला. शहराचे पूर्वीचे चौक एकामागून एक मागे कसे पडले, हे पाहिल्यावाचून या जागेचे महत्त्व आणि तिच्यावरून चाललेला वाद ध्यानात येत नाही.

बंगळुरूचा आरंभच एका चौकातून झाला, असे परंपरा सांगते. १५३७ मध्ये पहिल्या केंपेगौडाने नगर वसविण्याचे ठरविले, तेव्हा नांगर जुंपलेल्या बैलांच्या चार जोड्या एका मध्यबिंदूपासून चार दिशांना सोडण्यात आल्या आणि त्यांच्या तासांवरून पेठेचे रस्ते आखले गेले, अशी आख्यायिका आहे. दोड्डपेटे आणि चिक्कपेटे हे रस्ते जेथे एकमेकांना छेदतात तो हा बिंदू. कन्नडमधील ‘पेटे’ म्हणजे आपली पेठच. दोड्डपेटेला आज अव्हेन्यू रस्ता म्हणतात. जुन्या पुस्तकांची दुकाने, सराफी पेढ्या आणि हातगाड्यांच्या दाटीत तेथे चार माणसांनाही निवांत उभे राहता येत नाही.

मराठी वाचकाला या पेठेशी असलेले नाते ठाऊक असते, परंतु ते बहुधा एका ओळीत आटोपले जाते. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने शहाजीराजे भोसले यांच्यासह बंगळुरू घेतले. केंपेगौडाचे घराणे मागडीकडे सरकले आणि हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. जिजाबाईंसह बाल शिवाजीराजे १६४० च्या सुमारास काही काळ येथे होते. १६६४ मध्ये शहाजीराजांचे होदिगेरे येथे निधन झाले. त्यानंतर बंगळुरू व्यंकोजीराजांकडे गेले. मात्र त्यांचे लक्ष तंजावरकडे वळले आणि १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतले. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयराने ते तीन लाख रुपये मोजून पदरात पाडून घेतले. त्या जवळपास अर्धशतकाची एक खूण आजच्या मोर्च्यांच्या वाटेवरही अप्रत्यक्षपणे भेटते. फ्रीडम पार्कला जाताना लागणारे आनंदराव सर्कल हे १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूर संस्थानचे दिवाण असलेल्या टी. आनंदराव यांच्या नावाचे आहे. हे आनंदराव म्हणजे बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. घराणे तंजावरी मराठ्यांच्या राज्याबरोबर दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी भाषकांचे. कन्नड अस्मितेच्या घोषणा देत जाणारे मोर्चेही याच नावाखालून पुढे जातात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

इंग्रजांनी १८०९ मध्ये पेठेच्या पूर्वेला लष्करी छावणी वसविली आणि बंगळुरूची दोन शहरे झाली. छावणीला कवायतीचे मैदान होते, पेठेला बाजार होता. दोघांना मिळून एक चौक मात्र नव्हता. दोन्ही भागांच्या नगरपालिका १८६२ पासून वेगळ्या होत्या, त्या थेट १९४९ मध्ये एक झाल्या. एवढा काळ दोन प्रशासनांखाली वाढलेल्या शहराला नैसर्गिक केंद्र उरले नाही, हे आजही जाणवते. विधानसौध, उच्च न्यायालय आणि कब्बन पार्क हा परिसर शहराचे दर्शनी रूप ठरला, पण तो सत्तेचा आणि फिरायला जाणाऱ्यांचा. गर्दीने मन मोकळे करण्याची जागा म्हणून त्याचा विचार कधी झाला नाही.

ती जागा पेठेच्या उत्तर टोकाला आपोआप तयार झाली. अव्हेन्यू रस्ता जेथे केंपेगौडा रस्त्याला मिळतो, त्या नाक्यावर १९१३ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर बँकेची इमारत उभी राहिली आणि नाक्याचे नाव ‘म्हैसूर बँक सर्कल’ पडले. आसपास महाविद्यालये, न्यायालये आणि सरकारी कचेऱ्या. विद्यार्थी आणि वकील हे दोन वर्ग जेथे हाकेच्या अंतरावर असतात, तेथे आंदोलन रुजायला वेळ लागत नाही. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात याच नाक्यावर पोलिसांच्या गोळीबारात तरुण बळी पडले; त्यांचे स्मारक तेथे आहे. स्वातंत्र्यानंतरही संस्थानात जबाबदार राज्यपद्धती आली नाही, तेव्हा सप्टेंबर १९४७ मध्ये ‘म्हैसूर चलो’ची हाक उठली. बंगळुरूच्या रस्त्यांवर लोक उतरले आणि ऑक्टोबरमध्ये के. चेंगलराय रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. स्टेट बँक ऑफ म्हैसूर १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. बँक गेली तरी नाक्याचे नाव टिकून आहे. बेळगाव सीमाप्रश्न किंवा कावेरीचे पाणी पेटले की कन्नड संघटनांची निदर्शने याच नाक्यावर होत. वाटाळ नागराज यांनी म्हशी, गाढवे आणून केलेली आंदोलने महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनीही छायाचित्रांसह छापली आहेत.

या नाक्यापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर, शेषाद्री रस्त्याच्या कडेला, मध्यवर्ती कारागृहाची भिंत होती.

बेंथमचा मनोरा

कारागृह १८६० च्या दशकात बांधले गेले. त्याची रचना त्या काळच्या ब्रिटिश तुरुंगशास्त्राला अनुसरून होती. मधोमध पहाऱ्याचा मनोरा आणि त्याच्याभोवती पसरलेल्या बराकी. मनोऱ्यावरील एकच पहारेकरी सर्वांवर नजर ठेवू शकेल आणि कैद्याला मात्र आपल्यावर कोणाची नजर आहे की नाही हे कधीच कळणार नाही. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेली ही कल्पना वसाहतींमधील अनेक तुरुंगांत कमी-अधिक प्रमाणात उतरली. बंगळुरूचा मनोरा आजही उद्यानाच्या मध्यभागी उभा आहे.

स्वातंत्र्यलढ्यात या भिंतीआड संस्थानातील कितीतरी कार्यकर्ते येऊन गेले. त्यांपैकी एच. एस. दोरेस्वामी यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १९१८ मध्ये जन्मलेले हे गांधीवादी शिक्षक १९४२ च्या आंदोलनात पकडले गेले आणि सुमारे चौदा महिने तुरुंगात राहिले.

मात्र देशाच्या इतिहासात या कारागृहाची नोंद झाली ती आणीबाणीमुळे. पक्षांतरबंदी विधेयकाचा विचार करणाऱ्या संसदीय समितीच्या बैठकीसाठी लालकृष्ण अडवाणी, अटलबिहारी वाजपेयी, श्यामनंदन मिश्र आणि मधु दंडवते हे विरोधी पक्षांचे नेते जून १९७५ मध्ये बंगळुरूत आले होते. २६ जूनच्या सकाळी आणीबाणीची वार्ता आली आणि त्यांना आमदार निवासातूनच अटक झाली. त्यांची रवानगी मध्यवर्ती कारागृहात करण्यात आली. खासदार ज्या शहरात कायदा करण्यासाठी आले, त्याच शहरात कायद्याबाहेर ठेवले गेले.

या चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात आपल्या स्थानबद्धतेला आव्हान दिले. त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते. असे अर्ज देशातील अनेक उच्च न्यायालयांपुढे होते आणि त्यांपैकी कित्येक न्यायालयांनी ते ऐकून घेण्याची तयारी दाखविली. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात बहुमताने निकाल दिला की, आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. ती वाटही बंद झाली.

वाजपेयी यांची प्रकृती बिघडल्याने त्यांना पुढे दिल्लीला हलविण्यात आले. अडवाणी यांनी बंदिवासात लिहिलेली दैनंदिनी नंतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एच. डी. देवेगौडा हेही याच कारागृहात होते. म्हणजे पुढे देशाचे पंतप्रधान झालेल्या दोन व्यक्तींनी येथील बराकी आतून पाहिल्या. महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळचे नाव मधु दंडवते यांचे. कोकणातील राजापूरचे ते खासदार. ते बंगळुरूत आणि त्यांच्या पत्नी, समाजवादी कार्यकर्त्या प्रमिला दंडवते, पुण्याच्या येरवडा कारागृहात. दोन तुरुंगांमधून दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. १९७७ मध्ये जनता सरकार आले आणि बंगळुरूचा हा स्थानबद्ध रेल्वेमंत्री झाला. कोकण रेल्वेचे स्वप्न त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. बंगळुरूतील दिवसांची ओळख मात्र नव्या पिढीला फारशी नाही.

दंडवते यांनी आपल्या आठवणींत या तुरुंगाविषयी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. रात्रीच्या शांततेत त्यांना महिला कोठडीतून एका बंदीचे ओरडणे ऐकू येई. त्या होत्या स्नेहलता रेड्डी. १९७० च्या ‘संस्कार’ या गाजलेल्या कन्नड चित्रपटातील अभिनेत्री, रंगकर्मी आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या सहकारी. बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या तपासात मे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. त्यांच्यावर कोणताही आरोप सिद्ध झाला नाही. अखेरच्या आरोपपत्रात त्यांचे नावही नव्हते. त्यांना दम्याचा तीव्र विकार होता आणि कोठडीत उपचार अपुरे पडले. सुमारे आठ महिन्यांनी, प्रकृती पार ढासळल्यावर, १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले. पाच दिवसांनी त्यांचे निधन झाले. आणीबाणी उठविण्याच्या हालचाली तोवर सुरू झाल्या होत्या.

फ्रीडम पार्क हे नाव अनेकांना घोषणेसारखे, काहीसे पोकळ वाटते. या आठ महिन्यांचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला तर ते तसे वाटत नाही.

भिंत पडली

शहर वाढले तसा गांधीनगरच्या ऐन व्यापारी भागातला तुरुंग अडचणीचा झाला. सन २००० च्या सुमारास कैद्यांना शहराच्या दक्षिणेकडील परप्पन अग्रहार येथील नव्या कारागृहात नेण्यात आले. रिकामी झालेली वीस एकरांहून थोडी अधिक जागा मध्यवस्तीत होती; तिच्यावर व्यापारी संकुल उभे राहिले असते तरी बंगळुरूत कोणाला नवल वाटले नसते. महापालिकेने तेथे सार्वजनिक उद्यान करण्याचे ठरविले आणि त्याची रचना बंगळुरूतील मॅथ्यू अँड घोष या वास्तुरचनाकार संस्थेकडे गेली. जुने सारे पाडून हिरवळ पसरविण्याऐवजी मनोरा, काही बराकी आणि भिंतींचे भाग राखण्यात आले. विशेष म्हणजे सभा-निदर्शनांसाठी जागा आराखड्यातच धरण्यात आली होती. उद्यानाच्या नकाशात फुलझाडांबरोबर धरण्यालाही वाफा आखून देणारी महापालिका देशात विरळाच. नोव्हेंबर २००८ मध्ये उद्यान खुले झाले.

या आवाराला खरी ओळख मिळाली ती २०११ मध्ये, आणि त्याचे धागे राळेगणसिद्धीपर्यंत जातात. अण्णा हजारे यांनी एप्रिलमध्ये जंतरमंतरवर आणि ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर जनलोकपालासाठी उपोषण केले, तेव्हा बंगळुरूतील समर्थकांनी फ्रीडम पार्क गाठला. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतील तरुण कर्मचारी, निवृत्त अधिकारी, गृहिणी, शाळकरी मुले असा आंदोलनांत सहसा न दिसणारा वर्ग येथे दिवसेंदिवस बसला. बेळ्ळारीच्या खाण प्रकरणावरील लोकायुक्त संतोष हेगडे यांच्या अहवालामुळे कर्नाटकात भ्रष्टाचाराचा प्रश्न तेव्हा तसाही धगधगत होता. जुलैअखेर मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांना पद सोडावे लागले होते. त्या दिवसांत फ्रीडम पार्कवर दिसणाऱ्यांत त्र्याण्णव वर्षांचे एच. एस. दोरेस्वामी होते. ज्या तुरुंगाच्या दारातून ते १९४२ मध्ये आत ढकलले गेले, त्याच जागी ते आता स्वेच्छेने येऊन बसत. आणीबाणीतही इंदिरा गांधींना कडक शब्दांत पत्र लिहिल्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला होता. मे २०२१ मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत शहरातील बहुतेक लहानमोठ्या धरण्यांवर त्यांची खादीतील किरकोळ मूर्ती हमखास दिसे.

त्यानंतर फ्रीडम पार्कवर मुख्यत्वे कष्टकरी स्त्रियांनी हक्क सांगितला. मार्च २०१७ मध्ये मानधनवाढीसाठी आलेल्या हजारो अंगणवाडी सेविका आवारात मावल्या नाहीत. त्यांनी शेषाद्री रस्त्यावरच ठाण मांडले आणि चार दिवस तेथून हलल्या नाहीत. रात्री त्या रस्त्यावरच झोपल्या. जानेवारी २०२५ मध्ये कडाक्याच्या थंडीत आशा कार्यकर्त्यांनी चार दिवस, चार रात्री येथे काढल्या आणि दरमहा किमान दहा हजार रुपये मिळतील असे आश्वासन घेऊन त्या गावी परतल्या. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि रात्रीचा आडोसा या तीन गोष्टींवर अशा आंदोलनाचे आयुष्य अवलंबून असते, हे तेथे एक रात्र काढलेल्या कोणालाही सांगता येईल. मोर्च्याच्या बातमीत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

टाउन हॉलच्या पायऱ्या

याच काळात शहराला आणखी एक चौक होता आणि तो अधिक लोकप्रिय होता. जे. सी. रस्त्याच्या तोंडाशी असलेला सर पुट्टण्ण चेट्टी टाउन हॉल १९३५ मध्ये खुला झाला. उंच खांबांची ती इमारत आणि तिच्यासमोरील प्रशस्त पायऱ्या ही जणू तयार व्यासपीठच होती. शंभर माणसेसुद्धा तेथे उभी राहिली की गर्दी वाटे, छायाचित्र चांगले येई, आणि समोरून जाणाऱ्या बसमधील प्रत्येक प्रवाशाला फलक वाचता येई. जून २०१७ मध्ये झुंडबळींच्या निषेधार्थ झालेल्या ‘नॉट इन माय नेम’ निदर्शनासाठी लोक येथेच जमले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला पत्रकार गौरी लंकेश यांची घराच्या दारात हत्या झाली, तेव्हाही शहराची पावले आधी टाउन हॉलकडे वळली. दाभोलकर, पानसरे आणि कलबुर्गी यांच्या हत्यांमुळे महाराष्ट्रालाही ती घटना परकी नव्हती.

१९ डिसेंबर २०१९ रोजी नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात येथे आलेल्या इतिहासकार रामचंद्र गुहा यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. आदल्याच दिवशी शहरात कलम १४४ खाली जमावबंदी जारी झाली होती. या आदेशाला आव्हान मिळाले आणि मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या नेतृत्वाखालील खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो बेकायदा ठरविला. ठाण्याच्या न्यायालयात वकिलीला प्रारंभ केलेल्या न्या. ओक यांनी सुनावणीत, सरकार प्रत्येक निदर्शनावर बंदी घालणार काय, अशा आशयाचा प्रश्न विचारला होता. तो त्या काळी देशभर गाजला.

मात्र टाउन हॉलच्या पायऱ्या त्यामुळे वाचल्या नाहीत. निदर्शनांमुळे सभागृहाचे आरक्षण घटते आणि वाहतूक तुंबते, अशी तक्रार करून महापालिकेने २०२० च्या सुरुवातीलाच तेथील आंदोलनांना विरोध दर्शविला. पाठोपाठ कोरोना आला. २०२१ मध्ये मोर्च्यांमुळे होणाऱ्या वाहतूक कोंडीची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सुनावणीच्या ओघात पोलीस आयुक्तांचा निदर्शने आणि मोर्चे यांच्या परवान्याचा व नियमनाचा नवा आदेश आला. त्यानुसार शहरात निदर्शनांसाठी जागा राहिली ती एकच, फ्रीडम पार्क. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने या एकाच जागेच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले. सत्ताधारी असो वा विरोधक, राजकीय पक्षांनाही ते लागू होते.

आदेशामागील कारण खोटे नाही. बंगळुरूची वाहतूक हा विनोदाचा विषय होऊन बराच काळ लोटला. रेल्वे स्थानक, बसस्थानक आणि मोठी रुग्णालये या पट्ट्यात असल्याने एक मोर्चा अडला तर रुग्णवाहिकाही अडते. याच अनुभवातून इतर शहरांनीही तोच मार्ग धरला आहे. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दक्षिण मुंबईतील निदर्शने आझाद मैदानाच्या राखीव भागापुरती सीमित झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षण आंदोलनाला तेथे पाच हजार लोकांची परवानगी होती. प्रत्यक्षात आलेला जनसमुदाय मैदानाबाहेर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत पसरला आणि न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. दिल्लीत हरित लवादाने ऑक्टोबर २०१७ मध्ये जंतरमंतरवरील निदर्शने बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये ती सरसकट बंदी उठविली. त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये शाहीनबाग प्रकरणात निदर्शने ठरलेल्या जागीच व्हावीत, असे म्हटले. त्याआधी १९७२ मध्ये, अहमदाबादच्या हिंमतलाल शहा प्रकरणात, घटनापीठाने सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याचा हक्क मान्य करून राज्याला त्याचे नियमन करता येईल, पण मनमानी नाकारणी करता येणार नाही, असा निर्वाळा दिला होता. हे सारे निकाल एकत्र वाचले की नियमन आणि हद्दपारी यांतील रेषा किती बारीक आहे ते दिसते.

बंगळुरूतील आक्षेप या रेषेवरच आहे. निदर्शनाचा उद्देश कोणाला तरी ते दिसावे हा असतो. टाउन हॉलसमोरून जाणारा नागरिक फलक वाचत असे. फ्रीडम पार्कच्या आवारातील निदर्शन पाहण्यासाठी मुद्दाम तेथे जावे लागते. गेल्या दहा वर्षांत बंगळुरूतील नागरिकांना हाती निकाल मिळवून देणारी दोन ठळक आंदोलने आठवली तर ती दोन्ही नेमलेल्या मैदानाबाहेरची होती. एप्रिल २०१६ मध्ये भविष्य निर्वाह निधी काढण्यावर निर्बंध घालणाऱ्या केंद्राच्या नियमाविरुद्ध तयार कपड्यांच्या कारखान्यांतील स्त्री कामगार कोणत्याही बड्या संघटनेच्या हाकेवाचून रस्त्यावर आल्या. होसूर आणि तुमकूर रस्ते दोन दिवस ठप्प झाले आणि नियम मागे घेतला गेला. दगडफेक, लाठीमार आणि जाळपोळही झाली. त्या हिंसेचे समर्थन करता येत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये १,७९१ कोटी रुपयांच्या पोलादी उड्डाणपुलाविरुद्ध नागरिकांनी नियोजित मार्गावर मानवी साखळी केली. झाडे तोडली जाणार होती तेथेच ती उभी राहिली. मार्च २०१७ मध्ये प्रकल्प रद्द झाला. तीच साखळी फ्रीडम पार्कमध्ये गोल करून उभी राहिली असती तर तिला अर्थ राहिला असता का, हा प्रश्न त्या आंदोलनातील मंडळी आजही विचारतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून बंगळुरू बंदची हाक देण्यात आली तेव्हा हा पेच पुन्हा उघड झाला. टाउन हॉलपासून निघू पाहणाऱ्या आंदोलकांना पोलिसांनी ताब्यात घेतले आणि फ्रीडम पार्कवर मात्र सभा झाली. अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटरचे. पण एका टोकाला तेच कृत्य गुन्हा आणि दुसऱ्या टोकाला हक्क.

या वादाला स्थानिक राजकारणाचीही एक बाजू आहे. बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतरची पाच वर्षे शहराने नगरसेवकांविना, प्रशासकांच्या हाताखाली काढली. २०२५ मध्ये ती महापालिकाच विसर्जित होऊन तिच्या जागी पाच महापालिका आणि त्यांच्यावर ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण अशी रचना आली. ज्या शहरात गटार तुंबल्याची तक्रार सांगायला प्रभागातला लोकप्रतिनिधी नाही, तेथे मैदानाचे मोल वाढते. निदर्शनांची जागा नेमकी याच काळात एकवर आली.

फ्रीडम पार्कचा दिवस सकाळी फिरायला येणाऱ्यांनी सुरू होतो. जवळच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी दुपारी बराकींच्या सावलीत येऊन बसतात. काही जण मनोऱ्याचे छायाचित्र काढतात. निदर्शनांचा भाग मात्र बाहेरच्या बाजूला, पोलिसांच्या लोखंडी अडथळ्यांच्या मागे, वेगळाच चालू असतो. एखाद्या दिवशी तेथे तीन-चार संघटना शेजारी शेजारी मांडव घालून बसलेल्या असतात; एका मांडवातील ध्वनिक्षेपकाचा आवाज दुसऱ्यात जातो आणि मंत्री कोणाला भेटायला आला आहे ते आधी तपासावे लागते. रायचूर, कलबुर्गी, बेळगावकडून आलेली माणसे जेवणाचे डबे, चादरी आणि मुले बरोबर आणतात. विधानसौध येथून दोन किलोमीटरच्या आत आहे. पंडित नेहरूंनी १९५१ मध्ये कोनशिला बसविलेल्या त्या वास्तूच्या बांधकामावर हजारो मजूर खपले आणि त्यांत कैद्यांचा भरणा मोठा होता, असे सांगतात. मांडवात बसलेल्यांपैकी फारच थोड्यांना त्या पायऱ्यांपर्यंत जाता येते. बहुतेक वेळा पाच जणांचे शिष्टमंडळ पोलिसांच्या वाहनातून निवेदन घेऊन जाते आणि बाकीचे त्याची वाट पाहतात.

उद्यानाला लागूनच महापालिकेने बहुमजली वाहनतळ बांधला असून २०२४ पासून तो सुरू आहे. गांधीनगरच्या बाजारात येणाऱ्यांच्या मोटारी तेथे लागतात. मोर्चेकरी रेल्वेने येतात, स्थानकापासून चालत येतात आणि अंधार पडल्यावर, शिष्टमंडळ परतले की, त्याच वाटेने आनंदराव सर्कलवरून रात्रीच्या गाडीकडे निघतात.